बत्तीसची सिस्टीम

आमच्या ठाकुर्लीत सिस्टीम म्हणजे डीजे. गेल्या भीमजयंतीला मंडळाने बत्तीस बॉक्सची सिस्टीम आणलेली, तेव्हा स्टेजवर गाणारे माझे पप्पा, देवराम, पहिल्या कडव्यातच नुसते दिसायचे उरले. ऐकू यायचे बंद झाले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या म्हणतात.

यंदा त्यांनी मंडळात भांडून सिस्टीम रद्द करवली. आणि जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांना आमच्याच कॉम्प्युटरमध्ये 'System32' नावाचं फोल्डर सापडलं.

ते सहजासहजी उडेना. कॉम्प्युटर म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही. पप्पा म्हणाले, विकत कोणी घेतलाय? मग मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी त्या फोल्डरची मालकी रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतली. गावच्या जमिनीबाबत आमच्या आजोबांना हे शेवटपर्यंत जमलं नव्हतं.

मी घरी आलो तर स्क्रीन काळीठिक्कर.

"काय केलंत?"

"तुमची बत्तीसची काढून टाकली," पप्पा म्हणाले. "शेजारी चौसष्टची पण लपवलेली. चौसष्ट बॉक्स ठेवणार कुठे रे, रुळावर?"

आई मेथी निवडत होती. "अहो, पण तुमचं गाणं त्यातच होतं ना?"

पप्पा खाली बसले. उद्याच्या गाण्याची सहा कडवी त्यांना पाठ होती. सातवं, ज्यात गाणं संपतं, ते त्यांनी कालच थेट कॉम्प्युटरवर टाईप केलेलं.

"सहाव्यावर थांबा," मी म्हटलं.

"सहाव्यात बाबासाहेब नुकते बोटीत चढलेत," पप्पा म्हणाले. "त्यांना समुद्रात सोडून मी स्टेजवरून उतरू?"

आम्ही सीपीयू आईच्या शालीत गुंडाळला आणि रिक्षाने मानपाड्याला गेलो. तिथे सूरजचं रिपेअरिंगचं दुकान आहे.

"जय भीम काका. पडला का हा?"

"नाही. मी त्यातला डीजे काढला."

सूरजने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

त्याने पेनड्राइव्ह लावून मशीन कसंबसं चालू केलं, आणि गाणं दिसलं. सातव्या कडव्यासकट. "डेटा शाबूत आहे, काका. फक्त सिस्टीम गेलीय."

"मग तेच तर पाहिजे होतं."

"तसं नाही. सिस्टीम परत टाकावी लागेल, नाहीतर हा उठणार नाही."

"बत्तीसचीच?"

"बत्तीसच."

पप्पांनी विचार केला. "सोळा टाक."

"सोळा येत नाही, काका."

"आठवर मिटव. मंडळाशी मी बोलतो."

शेवटी सूरजने गाण्याची प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली आणि बत्तीस टाकली. काम होईपर्यंत पप्पा मशीनकडे पाठ फिरवून बसले. आपल्याला काही माहीत नाही, असं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेजवर एकच भोंगा होता, तोही भंगारवाल्या रामाच्या गाडीवरचा. पप्पा गात होते. मागच्या रांगांतून "आवाज नाय, आवाज नाय" चाललेलं. सहावं कडवं संपलं, बोट निघाली. पप्पांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग गर्दीकडे, मग वाकून मला जवळ बोलावलं.

"रत्नदीप, ती आठवाली मिळेल का?"

"आठ येत नाही, पप्पा."

त्यांनी पुन्हा मागच्या रांगांकडे पाहिलं.

"मग बत्तीस लाव. पण फक्त सातव्यापुरती."

मी सिस्टीमवाल्या कमलेशला हात केला. बत्तीस बॉक्स भरलेला त्याचा टेम्पो दुपारपासून गल्लीच्या तोंडाशीच उभा होता.