चौथं टिंब

मित्रांनो, सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. भाकरीएवढा गोल, काळा, एका कडेला फाटलेला. गाडीला पॉलिश करायच्या मशीनला लावतात तो फोमचा पॅड मी. भांडी घासायचा स्पंज समजून माझ्याकडे बघू नका, मला राग येतो. आता म्हातारा झालो म्हणून काय झालं?

गॅरेजवाल्या झुंबरने मला निवडलं ते दोन हजार सालाच्या सुमारास. तोवर त्याचं सगळं काम लोकरीच्या बफवर, म्हणजे लोकरीच्या पॅडवर चालायचं. दुकानदाराने त्याच्यापुढे फोमच्या पॅडचा ढीग टाकला. झुंबर एकेकाला मुठीत दाबून सोडून बघू लागला. कोणी चुरगळलेलाच राहिला. कोणाची छिद्रं कुठे मोठी, कुठे बारीक. एकाची मशीनला चिकटायची मागची पट्टी तर नुसतं ओढल्यावर सुटून आली. मी मात्र मुठीतून सुटताक्षणी पहिल्यासारखा फुललो. "हा द्या," झुंबर म्हणाला. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस हवेत होतो.

माझ्याबरोबर त्याने एक पिवळा, कडक पॅडही घेतला. तो रंगाचा पातळ थर खरवडतो, म्हणून ओरखडे आणि डाग जातात. मी काहीच काढत नाही, फक्त चमक आणतो. झुंबरला पिवळ्याचं भारी कौतुक, कारण त्याचं काम लगेच डोळ्यांत भरायचं. माझी पाळी सगळ्यात शेवटी. मी रुसून बसायचो, पण पॅडच्या रुसण्याकडे कोण बघतो?

बघायची ती झुंबरची बायको, सविता. शेडच्या मागेच त्यांचं घर. काम संपलं की ती आम्हाला साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची. कोणी खाली पडला तर धुतल्याशिवाय मशीनला लावू द्यायची नाही. "मातीचा एक कण ऱ्हायला तरी गाडीवर रेघ उठंल," असं ती नवऱ्याला बजावायची.

दसऱ्याला आपल्याकडे गाडीची पूजा होते. बोनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतात, त्यात चार टिंबं देतात. हार दुसऱ्या दिवशी उतरतो, पण कुंकू फिक्या रंगाच्या गाडीत मुरून बसतं. मग दसरा झाला की डाग काढायला आमच्याकडे रांग लागायची. आपल्यापुढे कुंकवाचा डाग टिकत नाही, असा झुंबरला मोठा अभिमान होता.

एका वर्षी दसरा तोंडावर आला असताना गंगाधरकाका त्यांची सायीच्या रंगाची फियाट घेऊन आले. ऑफिसातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. "दसऱ्याला चमकली पाहिजे," एवढंच बोलून ते पाय मोकळे करायला गेले. बोनेटवर गेल्या दसऱ्याचं स्वस्तिक अजून गुलाबीसर दिसत होतं. दरवर्षी दसऱ्यानंतर डाग काढून नेणारे काका गेल्या दसऱ्यानंतर आलेच नव्हते. विसरले असतील, असं समजून झुंबरने पिवळा पॅड लावला आणि मशीन सुरू केलं. बघता बघता एक टिंब नाहीसं झालं.

तेवढ्यात सविता पाण्याची बादली घेऊन आली. "अहो, बंद करा ते आधी."

"का? काय झालं?"

"हे स्वस्तिक कुणी काढल्यालं हाय?"

"काकूंनीच काढलं असंल. दरसाली त्याच काढायच्या."

"आन् काकू दिवाळीच्या आधीच गेल्या ना? मंग काका उगाच वर्षभर डाग ठेवून फिरले व्हय?"

झुंबरने मशीन खाली ठेवलं. पिवळा पॅड काढून बाजूला टाकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काळा दे."

मित्रांनो, आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. झुंबरने मशीन अगदी सावकाश चालवलं, स्वस्तिकाच्या भोवतीने. स्वस्तिकावर तर त्याने मला हातात धरून, नुसतं टेकवत फिरवलं. गाडी उजळली आणि कुंकवाच्या रेघा जागच्या जागी राहिल्या. तीन टिंबंही राहिली.

काका परत आले, तसा झुंबर स्वतःहून पुढे झाला. "काका, माझ्या हातून एक टिंब पुसलं गेलं. लय वाईट वाटतंय."

काका बोनेटवर वाकले. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "मीच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण गॅरेजात येऊन कसं सांगायचं, हिचं कुंकू राहू द्या म्हणून? लाज वाटली."

सविता घरातून कुंकवाचा करंडा आणि वाटीत पाणी घेऊन आली. "काका, तुम्ही द्या टिंब."

"मी कधी काढलं नाही गं. मी नारळ फोडायचो, बाकी सगळं हीच करायची." तरी त्यांनी बोट बुडवलं. टिंब जरा मोठंच उमटलं.

ती फियाट चालत होती तोवर दरवर्षी काका दसऱ्याआधी यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "झुंबर, काळा पॅड लाव रे." त्यांचं टिंबही हळूहळू रंगात मुरलं. पुढे माझी कड फाटली आणि नवे पॅड आले, पण सविताने मला टाकलं नाही.

मित्रांनो, आम्हाला वापरलंत तर धुऊन ठेवा, मातीत टाकू नका. पॅड घेताना मुठीत दाबून बघा. आणि कडक पॅड लावण्याआधी गाडी आणणाऱ्याला एकदा विचारा, यातलं काही राहू द्यायचं आहे का. लाजेपोटी तो स्वतःहून सांगणार नाही.