आईला वाचून दाखवलेला नाताळ

काचबिंदूने अनुसयाबाईंची नजर गेली, तेव्हापासून प्रेमिला त्यांना वाचून दाखवत असे. सकाळी बायबलमधला एक अध्याय, मग प्रार्थना, मग प्रेमिलाची शाळा. गोंदियातल्या एका इंग्रजी शाळेत ती शिकवायची. वडील, खेमराज कंपाउंडर, वारल्यापासून मुर्री भागातल्या घरात मायलेकी दोघीच होत्या. प्रेमिलाचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याबद्दल आता कोणी विचारतही नव्हतं.

२०१२ च्या हिवाळ्यात चर्चच्या पाळकांच्या बायकोने, नंदाबाईंनी, तिच्या हाती पुस्तकांचं एक खोकं दिलं. धमतरीकडच्या मिशन दवाखान्यातून अमेरिकेला परतणारी एक म्हातारी नर्स ते चर्चमध्ये ठेवून गेली होती. सगळ्या इंग्रजी कादंबऱ्या. सगळ्यांच्या कव्हरवर बर्फ, घोडागाडी आणि पांढरी टोपी घातलेली एक मुलगी.

"प्रेमाच्या कहाण्या दिसून राहिल्या," नंदाबाई म्हणाल्या. "आपल्या बायकांनी वाचाव्या अशा आहेत का, तेवढं बघून सांग."

प्रेमिलाने दोन वाचल्या आणि पुढच्याच रविवारी सांगितलं की काही वावगं नाही. मुलगा मुलीचा हात धरतो तोही शेवटच्या पानावर. लोक जेवणाआधी प्रार्थना करतात, भांडतात, एकमेकांना क्षमा करतात, आणि नाताळपर्यंत सगळं नीट होतं. नंदाबाई हसल्या. "मग तं चांगलंच आहे."

तिसरी कादंबरी अनुसयाबाईंनी मागून घेतली. "एकटीच काय वाचत बसतं? मलेही सांग."

मग रोज शाळेतून आल्यावर प्रेमिला अंगणातल्या उन्हात खुर्ची टाकायची आणि इंग्रजी वाचत वाचत आईच्या बोलीत सांगायची. अमिश म्हणजे अमेरिकेतले शेतकरी ख्रिस्ती, हे तिनं आधी समजावलं. मोटार ठेवत नाहीत, घरात वीज घेत नाहीत, बाहेरच्या माणसाशी लग्न करत नाहीत. आपल्या धमतरीच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीचे लांबचे चुलतभाऊच म्हण.

"देवाले बिजलीचा कायले राग येईन?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"राग नाही आई. बिजली आली का मागून बाकीचं जग येते, असं त्यांचं म्हणणं."

"हे बाकी खरं आहे," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या घरातून येणाऱ्या टीव्हीच्या आवाजाकडे मान वळवली.

या कादंबरीतल्या मुलीचं नाव लिडिया होतं. गावात काम शोधत आलेल्या एका सुताराशी तिचं मन जुळतं. तो अमिश नसतो. नाताळच्या तोंडावर तो स्वतः घडवलेली छोटी पेटी घेऊन तिच्या घरी येतो, आणि लिडियाची आई त्याला दारातूनच परत पाठवते. ते प्रकरण वाचताना प्रेमिलाने दोनदा आईकडे पाहिलं. तिला वाटलं, आई आता थांबवेल.

अनुसयाबाई पदराने डोळे पुसत होत्या. "अशी कशी माय ते," त्या म्हणाल्या. "सणाच्या दिवशी दारात आलेल्या लेकराले असं बोलते कोणी? पोरीचा जीव काय म्हणत असन."

प्रेमिलाने पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं.

"आई, तू रत्नपालले काय म्हटलं होतं?"

अनुसयाबाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं.

रत्नपाल आणि प्रेमिला बी.एड.ला एका वर्गात होते. २००१ च्या नाताळला तो पेढ्यांचा डबा घेऊन आला होता. घर चर्चच्या मंडळीतल्या पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. तो प्रेमिलाला आधीच म्हणाला होता, "दर रविवारी तुझ्यासोबत चर्चमध्ये बसेन. पण आजोबांनी जे मिळवलं ते लग्नासाठी टाकून देणार नाही. बाप्तिस्मा घेणार नाही." अनुसयाबाईंनी डबा घेतला नाही. दारात उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आधी आमच्या देवाचा हो, मग आमच्या घरात ये. तोवर तुझ्या हातचं गोड आमाले चालत नाही." खेमराज खाली बघत राहिले. रत्नपालने डबा काखेत धरला, चपला घातल्या आणि गेला. वर्षभराने त्याचं लग्न झाल्याचं कळलं.

"त्या सुतारानं शेवटी बाप्तिस्मा घेतला असन," पदर आवरत अनुसयाबाई म्हणाल्या.

"हो. शेवटचं पान पाहिलं मी. घेतला."

"तुझ्या रत्नपालनं घेतला नसता."

"नाही. पण हातचं गोड चालत नाही, हे बाप्तिस्म्यासाठी नव्हतं आई. ते कायसाठी होतं, तुलेही माहीत आहे आणि त्यालेही."

त्या रात्री अनुसयाबाई जेवल्या नाहीत. दोन दिवसांनी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, त्या जागच्या उठल्या नाहीत. "अर्पण घेऊन देवापुढं जाताना कोणाचं मन आपल्यामुळं दुखलं असं आठवलं, तं आधी त्याच्याकडं जा, असं प्रभू सांगते," त्या म्हणाल्या. "मी इतके नाताळ अर्पण देत आली. मले तिरोड्याले रत्नपालकडं ने."

"आई, त्याले बायको आहे. लेकरू आहे."

"मी माफी मागाले जाऊन राहिली. त्याच्या संसाराले काय होते?"

"एकदम जाऊ नको. मी आधी त्याचा नंबर काढून फोन करते."

"फोन केला तं तो नको म्हणन. मंग मी अशीच मरू?"

प्रेमिलाने फोन केला नाही. खरं म्हणजे तिला जायचं होतं. हे तिने स्वतःशी कबूल केलं ते पॅसेंजर गाडीत, खिडकीतून कापणी झालेली धानाची शेतं मागे पडत असताना. आपण कोणती साडी नेसलोय हे तिला दहादा आठवलं आणि दहादा लाज वाटली. रत्नपाल तिरोड्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, एवढं तिला माहीत होतं. घर विचारायला वेळ लागला नाही.

दार त्याच्या बायकोने उघडलं. समीक्षा तिचं नाव. आंधळी म्हातारी पाहून तिने काही न विचारता हात धरून आत नेलं, पाणी दिलं, चहा ठेवला. एक लहान मुलगी पाटी घेऊन खाटेवर बसली होती. रत्नपाल आतून आला आणि प्रेमिलाला बघून जागीच थांबला. कानांजवळचे केस पांढरे झाले होते. बाकी तो तसाच होता.

"काकू," तो म्हणाला. "तुम्ही कशा काय?"

अनुसयाबाईंनी आवाजाच्या दिशेने हात जोडले. "बाबू, मी तुले दारातून वापस पाठवलं होतं. तुझ्या हातचं घेतलं नाही. माझ्या पोरीचं तुझ्यावर मन होतं, तुझंही होतं, आणि मी ते मोडलं. देवापुढं ते मले जड होऊन राहिलं. मले माफ कर."

स्वयंपाकघराच्या दारात समीक्षा कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला नाही, पुढेही आणला नाही.

"हे कधीचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आपल्या लग्नाच्या आधीचं," रत्नपाल म्हणाला.

"किती आधीचं?"

समीक्षाने प्रेमिलाकडे पाहिलं, तिच्या मोकळ्या गळ्याकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. एवढी वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचं काहीतरी आपल्याला परक्या बाईकडून कळलं, एवढंच होतं. प्रेमिलाला जमिनीत जावंसं वाटलं.

रत्नपाल खाली बसला आणि म्हातारीचे जोडलेले हात सोडवले. "काकू, माझ्या मनात काही नाही. तुम्ही चहा घ्या."

अनुसयाबाई रडल्या, हसल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलीला जवळ बोलावून तिच्यासाठी प्रार्थना करू का विचारलं. समीक्षाच म्हणाली, "करा ना आजी." तिचा आवाज कोरडा होता, पण तिने मुलीला पुढे केलं.

प्रेमिला ऑटो बघायला बाहेर आली. मागून रत्नपाल आला आणि थोडं अंतर ठेवून उभा राहिला.

"आईने एका पुस्तकातलं ऐकलं," प्रेमिला म्हणाली. "त्यात माफी मागितली की सगळं ठीक होतं. मी थांबवायला हवं होतं."

"काकूंना माफ करणं मला जड गेलं नाही," तो म्हणाला. "असं बोलणारे आम्हाला खूप भेटतात. पण तू त्या दिवशी आतल्या खोलीत होतीस. पडद्याखालून तुझे पाय दिसत होते. मी चौकातल्या पानठेल्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. मला वाटलं, येशील."

प्रेमिलाने तोंड उघडलं. इतकी वर्षं तिने ही गोष्ट आईच्या नावावर मांडली होती, आणि आता आईनेही ते कबूल केलं होतं. तिला म्हणायचं होतं की ती पडद्यापर्यंत आली होती, की घरात सगळी मंडळी बसलेली होती, की पाय उचललाच नाही. पण दारात समीक्षा येऊन उभी राहिली होती. आता जे बोललं जाईल ते समीक्षाला रोज या घरात घेऊन जगावं लागणार होतं.

"ऑटो आली," प्रेमिला म्हणाली, आणि आईला आणायला आत गेली.

परतीच्या गाडीत अनुसयाबाई लेकरासारख्या बोलत होत्या. रत्नपालचा आवाज किती मऊ आहे, त्याची बायको किती गुणाची आहे, प्रभूने कसं सगळं घडवून आणलं. "तुलेही हलकं वाटून राहिलं न?" त्यांनी विचारलं. प्रेमिला हो म्हणाली. मग त्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपी गेल्या.

नाताळच्या सकाळी चर्च पताकांनी सजलं होतं. प्रभुभोजनाची वेळ झाली तशी प्रेमिलाने आईचा हात धरून तिला पुढे नेलं, भाकर आणि प्याला तिच्या हाती लागेपर्यंत थांबली, आणि स्वतः काही न घेता बाजूला झाली. तिलाही आधी एकाकडे माफी मागायला जायचं होतं. पण त्या घरी आता पुन्हा जाता येणार नव्हतं. तिथे दुसरीचा संसार होता, आणि आपलं ओझं उतरवायला तो हलवणं प्रभूला आवडेल असं तिला वाटत नव्हतं.

पाळकांनी शेवटचं गीत सुरू केलं. अनुसयाबाई मोठ्याने गात होत्या. प्रेमिलाने गीतांचं पुस्तक उघडून धरलं, पण तिला पुढची ओळ दिसेना.