नव्या गिरणीचा पंखा

मित्रांनो, मी पाचोऱ्याच्या बाजारातली एक जुनी, दगडी पाळ्यांची पिठाची गिरणी आहे. लोटन आबांनी मला बैलगाडीतून इथे आणले आणि नारळ फोडून माझ्यात पहिली ज्वारी ओतली. भाकरीसाठी ज्वारी-उडदाचा कळणा दळावा तर आबांच्याच गिरणीत, असे आसपासच्या खेड्यांतल्या बायका म्हणत. आबा दरवर्षी पाथरवटाला बोलावून माझ्या दगडांना टाकी लावून नवे खाचे पाडून घेत.

आबा गेले. त्यांचा मुलगा प्रेमराज मालक झाला आणि दळायला सुगंधाबाई आल्या. त्या माझ्या तोंडाशी हात धरून पीठ चोळून बघायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, “मऊ शे.” तेवढ्यावर माझा दिवस गोड व्हायचा.

मग एके दिवशी माझ्या शेजारी नवी गिरणी आली. चकचकीत, बारीक आवाजाची. तिला झेंडूचा हार, हळदीकुंकू, सगळे झाले. ती तापली की आपोआप थांबायची. मला वाटले, आता हिला बोलणी बसणार. पण प्रेमराजने घरचा टेबलपंखा आणून तिच्यापुढे ठेवला. माझ्यापुढे जन्मात कोणी पंखा ठेवला नव्हता. सुगंधाबाईंनी तर तिच्यावरचे पीठ स्वतःच्या पदराने पुसले. हार मी सोसला असता, पण तो पदर काही सोसवेना.

मी ठरवले, हिच्याहून जास्त दळून दाखवायचे. ती थांबली की तिचे डबे माझ्यापुढे येत आणि मी ते अभिमानाने घेई. माझ्या दगडांची टाकी कधीच झिजली होती. तरी मी फिरत राहिले. जितके दळावे तितकी डब्यांची रांग वाढे. शाबासकी मात्र कोणी देईना.

सुगंधाबाईंचेही तेच चालले होते. दिवेलागणीनंतर थांबायच्या, सुटीच्या दिवशीही यायच्या. मालक कधीतरी चांगला शब्द बोलेल, या आशेवर त्या राबत होत्या. आम्हा दोघींचे दुखणे एकच होते, पण मला ते दिसले नाही. माझे सगळे लक्ष त्या पंख्याकडे होते.

वैशाख लागला. घरोघरी ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची घाई सुरू झाली. त्या दुपारी नवी गिरणी थांबून वारा खात होती आणि मी एकटी दळत होते. माझ्या पट्ट्याला करपल्याचा वास येऊ लागला. सुगंधाबाई बटणाकडे धावल्या, तोच पट्टा तुटला आणि त्यांच्या मनगटावर सपकन बसला. रक्त आले. त्यांनी हात पदरात गुंडाळला. प्रेमराज आला, त्याने आधी डब्यांची रांग पाहिली आणि विचारले, पट्टा आज बसेल का?

सुगंधाबाई तशाच घरी निघून गेल्या.

त्यांच्या मागे प्रेमराजने स्वतः दळून पाहिले. नवा पट्टा घातला, पण कळणा भरड आला आणि बायका डबे घेऊन परत फिरल्या.

हात बरा झाल्यावर सुगंधाबाई आल्या, पण उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “ती नवी तपस, तं तिले तुम्ही पंखा लावतस. ही जुनी बी तपस. मी बी तपस. आते दिवा लागना का मी घर जासू, आनि ही बी बंद राही.”

“मंग मी दुसरी बाई देखू का?”

“देखा, भाऊ.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. प्रेमराजने डब्यांच्या रांगेची रिकामी जागा पाहिली. मग त्यांना आत यायला वाट देत तो म्हणाला, “बरं, अक्का. या मधमा.” त्याआधी तो त्यांना कधी अक्का म्हणाला नव्हता.

पाथरवट आला, माझ्या दगडांना टाकी लागली. आता दोन-चार डबे झाले की सुगंधाबाई मला थांबवतात आणि खाटेवर बसून चहा पितात. रांग उभी असते. उभी राहते.

पंखा अजून त्या नवीपुढेच आहे. तो फिरू लागला की मला अजून जळायला होते. पण त्यासाठी मी आता जास्त दळत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी न थांबता चालत असेल. ते कुरकुर करत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे समजू नका. जवळ जाऊन एकदा हात लावून बघा, किती तापले आहे ते.