चौरंगावरचे तुर्की व्याकरण

मी तुर्की भाषेच्या व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे. मित्रांनो, दर्यापुरात तुर्कीचे काय काम, असे विचारू नका. ते विचारणारे गावात पुष्कळ झाले.

अमरावतीच्या रद्दीच्या दुकानातून प्रणालीने मला घरी आणले. तिचे आईवडील, सत्यभामाबाई आणि वामनराव, झेंडू पिकवून विकत. प्रणालीला मात्र सूतकताईचे पुढचे शिक्षण घ्यायला तुर्कस्तानात जायचे होते. हार गुंफता गुंफता ती मला मांडीवर उघडे ठेवी. एव म्हणजे घर, एवे घराला, एवदे घरात, एवदेन घरातून.

"आई, हे त आपल्यावानीच हाय व! शब्दाले शेपूट लावलं का झालं," ती हसायची.

मग 'साठी'चा धडा आला. ओकुमाक इचिन, म्हणजे शिकण्यासाठी. ते दोन शब्द तिने माझ्या समासात इतक्यांदा लिहिले की कागद फाटायला आला. तेच माझे सुखाचे दिवस.

विद्यापीठाची मुलाखत खंडेनवमीला दुपारी, मोबाइलवर होती. पासपोर्ट दाखवायचा होता आणि तो माझ्याच पानांत होता. प्रणाली सकाळी फुले तोडायला गेली, तेव्हा सत्यभामाबाईंनी मोठ्या कौतुकाने मला चौरंगावर विळ्या-तराजूशेजारी मांडले. पोरीची विद्या देवापाशी!

"बाबा, पासपोर्ट त्यातच हाय. तेवढा काढून घेतो," फुले घेऊन परतलेली प्रणाली म्हणाली.

"मांडलेली पूजा हलवत नसतेत," वामनराव म्हणाले. "उद्या दसरा. सारा झेंडू उद्याच खपाचा हाय, देव कोपला त? एका दिवसानं काय बिघडते?"

"घेऊ द्या ना जी," सत्यभामाबाई पुटपुटल्या. वामनरावांनी डोळे वटारले. प्रणालीने पुढे केलेला हात मागे घेतला. खरे सांगतो, मला तिचाही राग आला.

पडद्यावरच्या बाईंनी पासपोर्ट मागितला. तो देवापुढे आहे, असे तिने चांगल्या तुर्कीत सांगितले. बाईंनी पुन्हा विचारले आणि मग पुढच्या उमेदवाराला बोलावले. संध्याकाळी नकार आला. तिने घरात कुणाला सांगितले नाही.

दसऱ्याला सकाळी वामनरावांनी मला कपाळाला लावले, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले.

"घे बाई, आता वाच दिवसभर."

"आता कायले, बाबा?" ती म्हणाली आणि झेंडूचे टोपले उचलून बाजाराला गेली.

तेव्हापासून मी दरवर्षी पूजेला असतो, वाचायला कुणी घेत नाही. मित्रांनो, पुस्तकाच्या पाया पडू नका. कुणाची पोर हात पुढे करील, तेव्हा ते तिला देऊन टाका.