पाण्याखालचं तोंड

मित्रांनो, तांब्याएवढा माझा जीव. होडीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकणारा, बॅटरीवर चालणारा मी एक पंप. आता मला जुना म्हणतात. खरं तर मी एकच मोसम पाहिला आहे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानात आम्ही तिघं भाऊ फळीवर होतो: थोरला, मधला आणि मी. गिऱ्हाईक काय विचारतं यावरून त्याला कशाची भीती आहे ते कळतं, हे मी तिथं शिकलो. धरणाच्या फुगवट्यावर माणसं पैलतीरी नेणारे गैबीसाब आले आणि म्हणाले, "आवाज कुणाचा कमी हाय?"

"चाचा, पाणी कोण जास्त उपसतो ते विचारा की," दुकानदार युवराज हसला.

"पंप बी दिसाया नगं, पाणी बी दिसाया नगं. एकदा का लोकांनी होडीला 'गळकी' म्हटलं, की तिच्यात कुत्रं बी बसत न्हाय."

सर्वांत लहान म्हणून माझी निवड झाली. मी फुशारलो.

"पायपाचं तोंड पाण्याच्या वर ठेवा," युवराजनं बजावलं. "न्हायतर पंप थांबला की पाणी उलटं आत येतंय."

"व्हय, व्हय," गैबीसाब म्हणाले. दोनदा म्हटलेलं व्हय घरापर्यंत टिकत नाही.

मला फळ्यांखाली दडवलं. पायपाचं तोंड होडीच्या कुशीतून इतक्या खाली काढलं, की माणसं बसली की ते पाण्याखाली जाई. धार कुणाला दिसत नसे. गैबीसाब खूश. पण मी पाणी उपसून थांबलो, की धरणाचं पाणी माझ्याच पोटातून गुपचूप आत येई. मी पुन्हा उपसायचो. ते पुन्हा यायचं. बॅटरी खंगत चालली. वर गप्पा रंगायच्या. मला ओरडता येत नव्हतं. त्यासाठीच तर मला घेतलं होतं.

एका बाजारच्या दिवशी होडी गच्च भरली. गैबीसाबच्या बायको हुसेनबीही होत्या. भर पाण्यात बॅटरी संपली. मी गप्प झालो, आणि पाणी आत येतच राहिलं. हुसेनबींचे पाय भिजले. त्यांनी फळी उचलून पाहिलं. गैबीसाबनी हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"बोट काय दावताय? गळतीय होडी, माघारी घ्या," हुसेनबी सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"तरी म्हटलं, गैबीसाब आज फुकटात पाय कसं धुत्यात," म्हातारी राजाबाई म्हणाली, आणि डब्याचं झाकण काढून डब्यानं पाणी उपसायला लागली. मग कुणी हसलं नाही. काठ आला तेव्हा होडीची कड पाण्याबाहेर वीतभरच उरली होती.

दोष माझ्यावर आला. "पंपच कुचकामी," म्हणून मला काठावरच्या बाभळीला टांगलं. रस्त्यानं फेरा मोठा. लोकांना होडीची गळती विसरणं सोयीचं पडलं. काल माझा थोरला भाऊ आला. त्याचा गळा माझ्याहून रुंद. उपसेल दुप्पट, आणि थांबला की आत घेईलही दुप्पट.

"आणि पायपाचं तोंड?" हुसेनबींनी विचारलं.

"हाय तितंच ऱ्हाऊ दे की. कुणाला दिसतंय?"

मित्रांनो, होडीत बसण्याआधी एवढं विचारा, की उपसलेलं पाणी पडतं कुठं. ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. आम्हा पंपांची काळजी घ्या असं मी म्हणत नाही. आमचं तोंड तेवढं पाण्याबाहेर ठेवा.

खाली माणसं एकेक करून होडीत चढत आहेत. "या, बसा," गैबीसाब म्हणतात, "तळ कोरडा हाय."

या घटकेला तो खरंच कोरडा आहे.