एकोणचाळिसावा हात

उंद्रीच्या कॉलेजात अकरावीला भौतिकशास्त्र शिकवायचं म्हणजे नोट्स सांगायच्या, हा पायंडा अठ्ठावीस वर्षांपूर्वी भगवंतरावांनी पाडला आणि त्याच नोट्सच्या पुण्याईवर ते प्राचार्य झाले.

संजीवनी मॅडम चिखलीहून एसटीने आल्या आणि त्यांनी नोट्सच बंद केल्या. आधी प्रश्न, मग हात वर करून अंदाज, मग शेजाऱ्याशी वाद, पुन्हा हात, शेवटी प्रयोग. पहिले काही दिवस समीक्षाचा हात वर गेला की अख्ख्या वर्गाचा जाई. हुशार पोरीच्या मागे चालण्यात तोटा नसतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून मॅडमनी नियम काढला, डोळे मिटून हात.

पालक कुरकुरले, वह्या कोऱ्याच हायेत म्हणून. भगवंतरावांनी मॅडमना बोलावलं.

"उद्या मी मागच्या बाकावर बसतो. पटलं तं ठीक, नाही तं सोमवारपासून नोट्स."

ही अट शिपायाकडून संध्याकाळपर्यंत साऱ्या वर्गाला कळली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर सारख्या आकाराच्या दोन बाटल्या होत्या. एकीत गच्च रेती, दुसरीत अर्धी.

"गच्चीवरून एकदम सोडल्या तर आधी कोणती पडेल? डोळे मिटा."

भरलेली आधी म्हणणारे तेहतीस, दोन्ही बरोबर म्हणणारे सहा. मॅडमनी आकडे फळ्यावर मांडले. मागच्या बाकावर प्रेमशेजारी सफारीच्या बाहीतला एक हात ठामपणे वर गेलेला त्यांनी पाहिला होता. कोणत्या बाजूने, तेही.

"मॅडम, हजेरी अडतीस हाये," समीक्षा म्हणाली. "हे तं एकोणचाळीस होतात."

"माझं मोजायला चुकलं असेल. चला, शेजाऱ्याशी बोला."

प्रेमचे चाचणीतले गुण एका हाताच्या बोटांवर मावत. त्याने शेजारी पाहिलं.

"सर, तुमचं काय म्हननं?"

"जड ते आधी. उफणताना दाना सरळ खाली येते, भुसा दूर जाते. साऱ्या गावाले दिसते."

"पन वारा पडला की आमची माय सूप खाली ठेवते. काऊन? दान्याचं वजन तं तेच राह्यते ना?"

भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला.

"वेगळं वारा करते, सर. वजन नाही. अन् या बाटलीले कोनता वारा उडवते?"

पुन्हा डोळे मिटले. भरलेली पाच, बरोबर चौतीस. मग सगळे अंगणात जमले. वर्गातल्या शिवमने गच्चीवरून बाटल्या सोडल्या. एकच धप्प!

"पुन्हा टाक बे," भगवंतराव म्हणाले. तीनदा टाकायला लावल्या.

वर्गात परतल्यावर समीक्षाने फळ्याकडे बोट केलं. "मॅडम, याही खेपेले एकोणचाळीसच."

मॅडमनी लगबगीने डस्टर उचलला.

"राहू द्या. मोजणी बरोबर हाये." भगवंतराव उभे राहिले. "पहिल्या तेहतिसातला एक मी होतो. सगळ्या वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात, हे माह्या नोट्सच्या चौथ्या पानावर हाये. अठ्ठावीस वर्षं सांगून राह्यलो, पोरं लिहून राह्यली. माह्याच हाताले मात्र पटलं नव्हतं."

कुणी हसावं की नाही, ते वर्गाला कळेना.

"मंग सोमवारपासून नोट्स का, सर?" प्रेमने विचारलं.

"सोमवारी माह्यासाठी जागा धरून ठेव. खिडकीकडची."

"खिडकीकडची माही हाये, सर."