निळी ताडपत्री, गुलाबी साडी

साक्रीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या दिपमालाला धुळ्याच्या प्रदर्शनासाठी एक चित्र द्यायचं होतं. तिने आठवडे बाजार काढला. भाज्यांचे ढीग, टोपल्या, घासाघीस करणारी माणसं, सगळं जागच्या जागी बसलं.

तिचा नवरा समाधान म्हणाला, "छान आहे. किराणावाल्याच्या कॅलेंडरवर असंच आहे."

दिवसभर ती त्याच्याशी धड बोलली नाही. पण तो खरं बोलला होता, हे तिलाही कळत होतं.

पुढच्या बाजारी ती नुसतीच भाजीला गेली. ऊन मी म्हणत होतं. गवार-वांगी विकणाऱ्या सुंदरबाईने वर निळी ताडपत्री बांधली होती. शेजारी बांगड्या मांडून बसलेल्या अकबरीने जुनी गुलाबी साडी ताणली होती. पिशवी पुढे करताना दिपमालाला स्वतःचा हात निळा दिसला. सुंदरबाईचं तोंड निळं, तराजू निळा. पलीकडे अकबरीची पांढरी ओढणी गुलाबी.

इथे माणसं आपापल्या सावलीच्या रंगाची होतात! ती तडक घरी निघाली. गवार तिथेच राहिली.

नव्या चित्रात तिने बाजारभर माणसं काढली, कुणी लाल, कुणी हिरवं, कुणी पिवळं.

समाधानने मान तिरकी केली. "होळी खेळताहेत का?"

या वेळी तिला हसू आलं. रंग सापडले होते, पण ते कशासाठी हे अजून सापडलं नव्हतं.

मग ती बाजारात वही घेऊन बसू लागली. एकदा दुपार कलली तसं ऊन अकबरीच्या पाठीवर आलं. सुंदरबाईने आपली टोपली ओढून घेतली. अकबरी आत सरकली आणि साडीचं टोक तिने ताडपत्रीच्या दोरीला बांधलं. साडी जिथे ताडपत्रीवर चढली, तिथे खाली जांभळी सावली पडली. त्या सावलीत दोघींनी भाकरीचं फडकं सोडलं.

दिपमालाची पेन्सिल थांबली. निळा रंग एकीचा, गुलाबी दुसरीचा, आणि हा जांभळा दोघींनी मिळून केलेला.

घरी येऊन तिने गर्दी काढून टाकली. नव्या कॅनव्हासवर दोघी उरल्या, मध्ये भाकरी, आणि सभोवती पिवळंधमक रिकामं ऊन. समाधानने भिंतीवरचं किराणावाल्याचं कॅलेंडर काढलं आणि त्याच खिळ्याला चित्र अडकवून पाहिलं. तिला तेवढं पुरलं.

दिपमालाने बोलावलं म्हणून प्रदर्शनाला सुंदरबाई आणि अकबरी एसटीने धुळ्याला आल्या. चित्र पाहताच सुंदरबाई ओरडली, "हाई मी शे? मनं तोंड निळं काय करी टाकं वं माय?"

"अक्का, देव झालीस तू! किसनजी!" अकबरी हसत सुटली.

"आनि मनी गवार? निळी गवार कोन लई?"

हसता हसता अकबरी चित्राच्या जवळ गेली. "हे बघ, मॅडमनी आपली भाकरीची जागा काढली."

सुंदरबाईने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "हा, तीच शे," ती हळूच म्हणाली.

तोवर माणसं जमली होती. कुणीतरी दिपमालाला चित्राचा अर्थ विचारला. ती तोंड उघडणार, तेवढ्यात अकबरी पुढे झाली. "इकडे या, मी सांगते. ही साडी माझी, ताडपत्री हिची..."

दिपमाला मागे सरकून गर्दीत उभी राहिली आणि ऐकू लागली.